औषध आणलंत का?

डोंगरपायथ्याच्या एका गावाला विचित्र आजाराने घेरलं होतं. चांगली धडधाकट पोरं विशीत आली की त्यांच्या पायांतलं बळ सरू लागे. त्याचं मूळ शोधायला शर्वाणी नावाची एक संशोधक तिथे आली. लोक रक्त द्यायला कचरत, तेव्हा ती म्हणे, "द्या हो. यातूनच तुमचं औषध निघेल." तानूबाईंनी आधी स्वतःचा हात पुढे केला, मग पाय लुळे पडत चाललेल्या आपल्या मुलाचा, भास्करचा.

शर्वाणीला आजाराचं मूळ सापडलं. तिला डॉक्टरेट मिळाली. तालुक्याला तिचा सत्कार झाला. तिथे तानूबाई गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ आल्या.

"बाई, औषध आणलंत का?"

शर्वाणी हसली. "मावशी, ते माझं काम नाही. औषधं शोधणारे लोक वेगळे."

"पण तुम्हीच म्हणाला होता ना?"

आवाजात राग नव्हता. म्हणूनच शर्वाणीला वर बघवेना. औषध निघेल की नाही, हे तिला तेव्हाही ठाऊक नव्हतं. रक्त मिळावं म्हणून ती बोलून गेली होती.

त्या लाजेने तिला स्वस्थ बसू दिलं नाही. चालून आलेली प्राध्यापकी सोडून ती औषधं शोधणाऱ्या एका कंपनीत गेली. तिथे तिची पदवी फारशी कामाला येईना. आपल्याहून लहान मुलांच्या हाताखाली ती नव्याने शिकली. काही वर्षांनी एक रसायन हाती लागलं. पेशींवर त्याचा गुण दिसला आणि कुणीतरी ही बातमी गावात पोचवलीही. पुढे उंदरांवर चाचणी झाली. उंदरांची यकृतं निकामी झाली. काम थांबलं.

"गावात सांगायची घाई नको," सहकारी म्हणाले. "बिचारे आशेवर तर जगतायत."

शर्वाणीलाही ते पटवून घ्यावंसं वाटलं. पुन्हा रिकाम्या हातांनी त्या दारात कसं जायचं? तरी ती गेली.

"मावशी, औषध फसलं. दुसरं शोधतेय, पण सापडेलच असं सांगत नाही. मागे रक्त घेताना सांगितलं, ते खोटंच होतं."

तानूबाई उठून आत गेल्या. भास्कर भिंतीला टेकून बसला होता.

"मग चाकांची खुर्ची घेतो," तो म्हणाला. "आज ना उद्या चालेन म्हणून घेतली नव्हती. हे आधी कळलं असतं, तर एवढी वर्षं या भिंतीला टेकून काढली नसती, बाई."

खुर्ची आत यावी म्हणून दुसऱ्या दिवशी सुताराने उंबरा उखडला, तेव्हा शर्वाणी खाली मान घालून त्याला हातभार लावत होती. मग ती पुन्हा कामावर गेली.

तात्पर्य: ज्याला आपण आशा लावली, त्याला खरं सांगणं हेही आपलंच काम; लाज वाटते म्हणून ते टाळलं, तर त्याचे दिवस वाया जातात.