कासवाच्या गळ्यातली साल

नदीकाठच्या एका जंगलात एक अस्वल राहत असे, आणि ते जंगलाचे वैद्य होते. एका मोठ्या जांभळीच्या बुंध्याशी त्याचा दवाखाना होता. सकाळी ऊन वर यायच्या आत तिथे रांग लागे, ती दिवस मावळेपर्यंत हटत नसे. अस्वल स्वभावाने प्रेमळ होते, हाताला गुण होता, फक्त त्याला वेळ नव्हता. मुलांनो, प्रेमळ माणसाला वेळ नसला की काय काय होते ते या गोष्टीत दिसेल.

त्या दवाखान्याची एक पद्धत होती. तपासून झाले की अस्वल झाडाच्या सालीच्या पट्टीवर नखाने एक खूण करी. जशी खूण तसे पान. रोग्याने ती साल वेलीत ओवून गळ्यात घालायची आणि दर पंधरवड्याला शेजारच्या ढोलीत राहणाऱ्या खारीला दाखवायची. खार खुणा पाही आणि तितकी पाने हातात देई. पुन्हा अस्वलाकडे जायची गरज नाही, पुन्हा रांग नाही. सगळ्यांना ही सोय फार आवडे. नवे काही दुखले की मात्र अस्वलाकडे जायचे, मग ते जुन्या खुणांच्या खाली आणखी एक खूण करी. खूण करायला अस्वलाला नखे होती. खूण पुसायची कशी, हा विचार कोणाच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

आणि पान न घेता कोणी घरी जायलाही तयार नसे. एकदा एका माकडाला अस्वलाने सांगितले, "साधी सर्दी आहे, दोन दिवस झाडावर स्वस्थ बस, बरी होईल." माकडाने तोंड फुगवले. "एवढ्या लांबून आलो आणि रिकाम्या हाताने परत जाऊ? मग तुम्ही वैद्य कसले?" तेव्हापासून अस्वलाने वाद घालणे सोडले. समजावण्यापेक्षा खूण करणे लवकर होई.

वर्षातून एकदा, चैत्रात, एक कावळा जांभळीच्या शेंड्यावर बसून जंगलभर दवंडी पिटे. "ऐका हो ऐका! गेल्या साली दवाखान्यातून पानांचे पाच ढीग गेले होते, यंदा नऊ गेले!" खाली सगळे टाळ्या वाजवत. हरणे म्हणत, "वा! आपल्या जंगलाची प्रकृती किती सुधारली!" नऊ ढीग पाने खाणारे जंगल पाच ढीग खाणाऱ्यापेक्षा जास्त धडधाकट कसे, हे मात्र कोणी विचारले नाही. मोठ्या आकड्यापुढे भले भले गप्प बसतात.

याच नदीत एक म्हातारे कासव होते. त्याला सगळे कासवआजोबा म्हणत. ज्यांना पोहता येत नाही अशा ससे, उंदीर, खारी यांना ते पाठीवर बसवून पलीकडच्या तीरावर पोचवी. पलीकडे बोरीबाभळींचे रान होते, लहान जिवांचे अर्धे पोट त्या रानावर चाले. कासवाने हे काम चाळीस पावसाळे केले होते. "पाठीवर कोणी बसलं की मी कासव," ते म्हणे, "नाहीतर नुसता धोंडा."

कासवाच्या गळ्यातही साल होती. फार पूर्वी त्याचे काळीज दमू लागले, पाय सुजू लागले, तेव्हा अस्वलाने पहिली खूण केली होती. ती निळसर पानाची. मग एका थंडीत गुडघा दुखला, दुसरी खूण झाली. त्यानंतर कधी पोट, कधी झोप, असे करत करत सहा खुणा झाल्या. कासव मुकाट्याने सहा पाने चघळी. चघळता चघळता त्याला पेंग येई, तोंड कोरडे पडे, आणि सशांची नावे आठवेनाशी होत. "वय झालं," असे म्हणून ते स्वतःची समजूत घाली.

एके दिवशी एक सशीण दोन पिल्लांना घेऊन त्याच्या पाठीवर बसली. नदीच्या मध्यावर कासवाचे पाय थांबले. मान पाण्याला टेकली. ते चक्क झोपले होते. प्रवाहाने त्यांना खाली ओढायला सुरुवात केली, आणि पुढे खडकांमध्ये पाणी उसळत होते. "आजोबा! अहो आजोबा!" सशीण जिवाच्या आकांताने ओरडली, पिल्लांनी कासवाच्या डोक्यावर पाय आपटले. खडक चार हातांवर आला तेव्हा कासवाचे डोळे उघडले. कसेबसे त्याने काठ गाठला. सशीण थरथरत खाली उतरली. रागाचा एक शब्दही न बोलता ती पिल्लांना घेऊन निघून गेली, आणि ते कासवाला रागावण्यापेक्षा जास्त लागले.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पाठीवर कोणी बसेना. लहान प्राणी वरच्या अंगाचा उथळ पाण्याचा उतार गाठायला मैलभर चालत जाऊ लागले. कासव रोज काठावर येऊन बसे आणि संध्याकाळी तसेच परत जाई.

शेवटी ते अस्वलाकडे गेले. "वैद्यबुवा, दिवसा पेंग येते. काहीतरी जालीम द्या, माझं काम चाललंय हातचं." अस्वलाने जीभ पाहिली, डोळे पाहिले आणि खूण करायला नख उचलले. सालीवर जागाच उरली नव्हती. तेव्हा त्याने एक नवी पट्टी घेतली, जुनीला बांधली आणि तिच्यावर सातवी खूण केली. "पुढचा कोण?" त्याने हाक दिली.

खारीने ती जोडलेली साल पाहिली आणि तिचे हात थांबले. ही खार चार पिल्लांची आई होती. दहा वर्षे ती पाने तोडत होती, वाटत होती. अलीकडे पाने तोडायला तिला आणखी आणखी लांब जावे लागे, आणि तरी समोर येणारे चेहरे तेच असत, पूर्वीपेक्षा जास्त ओढलेले. हे तिला कधीपासून खुपत होते, पण वैद्याला कसे विचारायचे? आज तिला राहवले नाही.

"आजोबा, जरा इथेच बसा," ती म्हणाली आणि साल घेऊन थेट रांगेच्या पुढे गेली. रांगेत एकच गलका झाला. तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

"वैद्यबुवा, एक विचारू?"

"विचारा की खारूताई. पण लवकर, अजून अकरा जण बसलेत."

"हे लाल देठाचं पान आजोबांना कशासाठी?"

"गुडघ्यासाठी."

"गुडघा कधी दुखत होता?"

"मागच्या थंडीत. नाही, त्याच्याही मागच्या."

"आणि हे गोल पान?"

"लाल देठाच्या पानाने पोटात जळजळ होते. त्यावर."

"आणि हे लांब?"

"गोल पानाने पोट साफ होत नाही ना, म्हणून."

"आणि मऊ पान?"

"लांब पानाने रात्री मुरडा येतो. झोप लागत नाही. मग झोपेसाठी हे."

"आणि चुरचुरीत?"

"मऊ पानाने तोंड कोरडं पडतं, त्याला चुरचुरीत चांगलं." अस्वल बोलता बोलता थांबले. "आणि सातवं पेंगेसाठी. पेंग येते ती मऊ पानाने." त्याने साल हातात घेतली आणि खालून वर, वरून खाली पाहिली. मागे रांगेत कोणीतरी खोकले. "खारूताई, हे सगळं मी केलं?"

"मीही केलं," खार म्हणाली. "दर पंधरवड्याला मीच तर हातात देत आले. तुम्ही खूण करत गेलात, मी वाचत गेले. कुठपर्यंत, ते दोघांनीही विचारलं नाही."

अस्वलाला फार लाज वाटली. वैद्याला लाज वाटणे ही वाईट गोष्ट नाही, मुलांनो, तिथून पुढे बरेच चांगले घडते. अस्वल उठून कासवाजवळ गेले आणि म्हणाले, "कासवआजोबा, चूक माझी आहे. तुम्हाला आलेली पेंग वयाची नाही, पानांची आहे. ही पाने आपण हळूहळू कमी करू. उद्या सकाळी या, नीट बसून ठरवू."

पण कासवाने 'पानांची आहे' एवढेच ऐकले. म्हणजे मी म्हातारा झालेलो नाही! आनंदाच्या भरात ते घरी गेले, कपारीत साठवलेली सगळी पाने त्याने काढली आणि लाल, गोल, लांब, मऊ, चुरचुरीत, निळसर, सगळी नदीत सोडून दिली. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले नाही. आता वैद्य कशाला हवा?

पहिल्या दिवशी त्याला हुशारी वाटली. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी पाय खांबासारखे सुजले आणि श्वास पुरेना. कासव दिसत नाही म्हणून खार नदीवर गेली, तर ते वाळूत मान टाकून पडले होते. ती धावत सुटली आणि अस्वल, आयुष्यात पहिल्यांदाच, भरलेली रांग तशीच सोडून तिच्यामागे पळत आले.

"निळसर पान कुठाय?" त्याने विचारले.

"टाकलं," कासव धापा टाकत म्हणाले. "सगळीच टाकली. तुम्हीच म्हणालात ना."

"कमी करू म्हणालो होतो, आजोबा! ते पान तुमच्या काळजासाठी आहे, ते कायम लागणार." अस्वलाने पान चुरून त्याच्या तोंडात घातले आणि तिथेच वाळूत बैठक मारली. ते दोन दिवस हलले नाही. रांगेतल्या निम्म्या रोग्यांना दोन दिवसांत आपोआप बरे वाटले, आणि ते थोडे खट्टू होऊन घरी गेले. तिसऱ्या दिवशी कासवाचा श्वास नीट चालू लागला, तेव्हा खारीच्या जिवात जीव आला.

मग अस्वलाने एक एक पान बघितले. निळसर चालू. झोपेचे मऊ पान आधी अर्धे, मग पाव, मग बंद. लाल देठाचे थांबले तशी पोटाची जळजळ थांबली, जळजळ थांबली तसे गोल पान नकोसे झाले आणि त्याच्यामागोमाग लांब पानही गेले. तोंड ओलसर झाले, चुरचुरीतही सुटले. सातवे तर सुरूच झाले नाही. गुडघा मात्र कुरकुरला. त्यासाठी अस्वलाने सांगितले, "रोज सकाळी तापलेल्या वाळूत बसायचं आणि पाय शंभर वेळा हलवायचे." कासवाने विचारले, "पान नाही?" अस्वल म्हणाले, "पान नाही." पूर्वी या उत्तराचा कासवाला राग आला असता.

आणि खुणा पुसायच्या कशा, याचे उत्तर खारीच्या तोंडातच होते. बंद झालेली प्रत्येक खूण ती दातांनी कुरतडून काढी. हे पाहून बाकीचे प्राणीही आपापल्या साली घेऊन आले. आता दर पौर्णिमेला अस्वल रांगेतल्या प्रत्येकाची साल पहिल्या खुणेपासून वाचू लागले. कोणाची पाने कमी झाली. एका भेकराला हवे असलेले पान कधी दिलेच गेले नव्हते, ते त्याला मिळाले. चैत्रात कावळा हिरमुसून आला. "वैद्यबुवा, यंदा ढीग सहाच भरले. लोकांना काय तोंड दाखवू?" अस्वल म्हणाले, "सांगून टाका. आणि किती जण धडपणे चालतायत, तेही मोजून सांगा." कावळ्याने असे कधी मोजले नव्हते, त्यामुळे त्याला बराच वेळ लागला.

पण कासवाची पाठ अजून रिकामीच होती. ते काठावर येऊन बसे. लहान प्राणी लांबूनच नमस्कार करत, प्रकृती विचारत आणि उताराच्या वाटेला लागत. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? मध्यावर झोपलेला नावाडी कोण विसरेल?

एका सकाळी खार झाडावरून उतरली, सगळ्यांच्या देखत पाण्यापर्यंत चालत गेली आणि म्हणाली, "आजोबा, मला पलीकडे जायचंय."

"खारूताई, तुम्हाला पोहता येत नाही."

"म्हणूनच तुमच्याकडे आले."

कासवाने पाठ पाण्याला समांतर धरली, खार वर चढली आणि तिने त्याची मान घट्ट धरली. काठावर अस्वल उभे होते. त्याने किती रोगी तपासले असतील, पण आज त्याचे स्वतःचेच काळीज धडधडत होते. कासव निघाले. मध्य आला. ज्या ठिकाणी पाय थांबले होते तिथे पाणी आजही तेवढेच ओढत होते. खारीने डोळे मिटून घेतले आणि तिची पकड आणखी घट्ट झाली.

"खारूताई," कासव म्हणाले, "तुमची नखं रुततायत मानेत."

"तुम्हाला कळतंय?"

"कळतंय म्हणून तर सांगतोय. गेली दोन वर्षं मला कसलं काही कळतच नव्हतं हो."

खारीने डोळे उघडले. तिला हसूही आले आणि रडूही आले, आणि तिने दोन्ही होऊ दिले. पलीकडच्या काठावर ती उडी मारून उतरली, तेव्हा झुडपाशी सशीण उभी होती. मैलभर चालून आल्याने तिची पिल्ले दमून तिला चिकटली होती. सशीण बराच वेळ कासवाच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. मग तिने एका पिल्लाला उचलले, दुसऱ्याला पुढे केले.

"आजोबा," ती म्हणाली, "परत जाताना आम्हाला न्याल?"

तात्पर्य : औषध सुरू करताना ते कुठपर्यंत घ्यायचे हे वैद्याला विचारावे, आणि थांबवतानाही त्यालाच विचारावे. किती औषध खपले यावरून नव्हे, तर किती जण पुन्हा आपल्या कामाला लागले यावरून दवाखान्याचे मोल कळते.