गाठ स्वतःवर दाखव

“कॅन्सरच ना मॅडम, अजून काय असणार?”

अगं थांब, फोन ठेवू नको! हे आधी ऐक. आत्ता झालंय, गेल्या तासाभरात.

बोलला कोण, तर आपला व्यंकी. व्यंकटेश येमूल. सोलापुरातल्या आमच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरीला लागून तीनच महिने झालेत, पण तोरा असा की डॉक्टरांनी याला विचारून ऑपरेशन करावं. काम काय, तर डॉक्टरांचे कागद वाचायचे आणि आजाराला यादीतला कोड लावायचा. तोच कोड आणि तेच नाव मग पेशंटच्या डिस्चार्ज पेपरवर, विम्याच्या फॉर्मवर, सगळीकडे. कोडिंगच्या परीक्षेत गडी बॅचमध्ये पहिला. बाकीच्यांची एक फाईल होईपर्यंत याच्या चार.

फक्त सहीचा हक्क नव्हता. याच्या प्रत्येक फाईलवर तांबोळी मॅडमची सही लागायची. आणि आज मॅडम ठरवणार होत्या, उद्यापासून याला एकट्याला सही करू द्यायची का. त्यामुळे स्वारी सकाळपासून कडक इस्त्रीत.

मॅडम बत्तीस वर्षं त्याच टेबलावर आहेत. आवाज कधी चढत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

फाईल होती रेणुका हक्केची. वय एकोणतीस. दीड वर्षापूर्वी सिझर, आता पोटाला गाठ. तुकडा काढून तपासला तर निघाली डेस्मॉइड नावाची गाठ. डॉक्टरांनी खरडलेलं: ‘डेस्मॉइड, ॲग्रेसिव्ह, पोट.’ तीन शब्द. व्यंकीनं तीन मिनिटांत कोड लावला. कॅन्सर, पोटातला.

मॅडमनी कागद उलटसुलट चाळले.

“कॅन्सर कुठल्या कागदावर लिहिलंय?”

“ॲग्रेसिव्ह लिहिलंय की.”

“कॅरम खेळताना तू पण ॲग्रेसिव्ह असतोस. तुला कुठला कोड लावू?”

अख्खी रूम फिदीफिदी.

व्यंकीचे कान लाल. “बरं, मग साधी गाठ. बदलतो लगेच.”

“हे कुठल्या कागदावर लिहिलंय?”

“मग आहे तरी काय, मॅडम?”

“मला काय माहीत?”

गडी हबकलाच. बत्तीस वर्षांचा अनुभव आणि मला काय माहीत!

“उभा राहा,” मॅडम म्हणाल्या. “गाठ स्वतःवर दाखव.”

“आँ?”

“दाखव. कुठाय?”

उभा राहिला बिचारा. हात पोटावर ठेवला. मग जरा खाली. मग डावीकडे.

“पोटाच्या आत? का पोटाच्या भिंतीत?”

हात तिथंच अडकला. मागून कुणीतरी म्हणालं, “व्यंक्या, डोहाळे लागले का बे?”

“जा, डॉक्टरांना विचारून ये.”

“मॅडम, आज नको ना... ते म्हणतील, याला एवढंही कळत नाही.”

“म्हणू देत.”

दोन जिने चढेपर्यंत व्यंकीनं मनात राजीनामा लिहून टाकला होता. पहिला नंबर, आणि चाललाय विचारायला!

वर डॉक्टर शिवशरण ओपीडीत. समोर स्टुलावर नेमकी रेणुकाच, घरी जायच्या कागदांची वाट बघत. शेजारी नणंद, नणंदेच्या कडेवर एक गुटगुटीत पोरगं. पोरगं आईकडे झेपावतंय आणि आई हात मागे घेतेय.

व्यंकीनं चाचरत विचारलं.

डॉक्टर खूशच झाले! “अरे वा! खालून कुणीतरी वर आलं विचारायला!” आणि बघ, त्यांनीही तेच केलं. उठले, स्वतःच्या पोटावर मूठ ठेवली. “इथं. भिंतीच्या स्नायूत. आत आतड्याला धक्का नाही.”

“आणि... कॅन्सर?”

“नाही. ही लांब कुठं पसरत नाही. पण निरुपद्रवीही म्हणवत नाही. जागच्या जागी वाढते, कापली तरी परत येते. आणि कधीकधी काही न करता आपणहून लहानसुद्धा होते. कशी वागेल, आज कुणीच सांगू शकत नाही. म्हणून आत्ता कापायची नाही, लक्ष ठेवायचं. तीन महिन्यांनी परत स्कॅन.”

सगळं नीट कागदावर लिहिलं. सही केली.

तेवढ्यात रेणुका बारीक आवाजात म्हणाली, “सायेब, मग कागदावर ते नाव न्हाई येणार?”

“नाही येणार.”

“मग... लेकराला उचलू का ओ? घरात म्हणत्यात, हा रोग लागंल त्याला.”

“लागत नाही गं असलं काही! उचल की!”

अगं, डॉक्टरांचं वाक्य संपायच्या आत पोरगं आईच्या कडेवर! तिनं त्याचे एवढे मुके घेतले की ते वैतागून रडायला लागलं. नणंद हसतेय, डॉक्टर हसतायत, आणि आपला व्यंकी कागद छातीशी धरून दात काढत उभा.

खाली आला तो दोन-दोन पायऱ्या गाळतच. यादीत अशा गाठींचा वेगळा भाग असतो, कशी वागेल ते सांगता येत नाही अशांचा. व्यंकीनं तो परीक्षेला पाठ केलेला. पण त्याला वाटायचं, ज्यांना ठरवता येत नाही त्यांच्या सोयीसाठी असेल. आज तोच कोड लावला. जागा, पोटाची भिंत.

“मॅडम, आता पक्कं कळलं!”

“काय कळलं?”

“की... पक्कं सांगता येत नाही.”

मॅडम हसल्या. चक्क! तीन महिन्यांत पहिल्यांदा. फाईलवर सही केली.

“किती वेळ लागला?”

“पन्नास मिनिटं,” व्यंकी मान खाली घालून म्हणाला. मग धीर करून, “मॅडम... उद्यापासून मी एकट्यानं सही करू?”

मॅडमनी टेबलावरची एक फाईल उचलली. त्यांची स्वतःची, आज सकाळी त्यांनीच कोड लावलेली. व्यंकीच्या पुढ्यात ठेवली, वर तपासायचं लाल पेन ठेवलं.

“एकट्यानं? मी अजून करत नाही रे.”

व्यंकी त्या पेनाकडे बघत तसाच बसलाय. खरं सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?