लाल पंप, निळा पंप

आमच्या गावात झिंगरू नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलेलं काम तो मनापासून करायचा. पंचाईत एवढीच, की ते तिथेच थांबवायचा नाही.

त्याच्या बायकोचे, सायत्राचे, गुडघे धरले होते. तिला खाली बसता येईना. झिंगरूचा जीव तीळतीळ तुटायचा.

नर्सबाई म्हणाल्या, "तुमच्या पंपाच्या पाण्यात फ्लोराईड आहे, झिंगरूभाऊ. त्यानेच हाडं आखडतात. पाण्यात तुरटी अन् चुना घालून ढवळा, निवळू द्या. मग वरचं घ्यायचं, खालचा गाळ टाकायचा."

झिंगरूने तसंच केलं. पाणी छान निवळलं. संध्याकाळी त्याने वरणही तसंच वाढलं. वरचं पाणी ताटात, खालची डाळ उकिरड्यावर.

"अवो, खालचंच तर कामाचं असते," सायत्रा म्हणाली.

"हाव? मंग आधी सांगाचं ना."

दुसऱ्या दिवशी त्याने पाण्याचं वरचं ओतून दिलं आणि खालचा गाळ पेला भरून तिला प्यायला दिला. घोटासरशी तिची जीभ सोलून निघाली.

नर्सबाईंनी हात टेकले. त्यांनी तो पंपच लाल रंगवून घेतला. "लाल पंपाचं पाणी प्यायचं नाही. नाल्यापलीकडच्या निळ्या पंपाचं प्यायचं. एवढंच लक्षात ठेवा."

झिंगरू नाल्यापलीकडून पाणी वाहू लागला. खांदे सोलवटले. मग त्याने डोकं चालवलं आणि बाजारातून निळ्या रंगाचा डबा आणला.

सकाळी पंप निळा. कोणी काही विचारलं नाही, कारण नाला ओलांडायचा कंटाळा सगळ्यांनाच होता. भोळा एकटा झिंगरू. बाकी आम्ही सारे शहाणे हंडे घेऊन रांगेत उभे.

नर्सबाई आल्या आणि बघतच राहिल्या. "हे कोणी केलं?"

"मीच जी. अर्ध्या डब्यात सारं फ्लोराईड निघालं. तुमी उगाच तुरटी-चुना घेऊन बसल्या."

"अन् सायत्राबाई कशा आहेत?"

"बरी होते आता. उरला डबा तिच्याच कामी आला. झोपली होती, तेवढ्यात उरकून घेतलं."

नर्सबाई धावत घरात गेल्या. सायत्रा खाटेवर पाय पसरून बसली होती. दोन्ही गुडघे निळेशार.

त्या तपासायला वाकल्या, तसा झिंगरू मागून म्हणाला, "हात नोका लावू, बाई. ओले आहेत अजून."