वाऱ्याची साखळी

कारवानी जातीची शिकारी कुत्री शिकार सोडून मालकाबरोबर नुसती फिरायला जाऊ लागली, त्या जुन्या काळची ही गोष्ट. शेषेरावांचा वाऱ्या लांब पायांचा, सडपातळ आणि स्वभावाने गरीब होता. पण वाटेत दुसरं कुत्रं दिसलं की शेषेराव घाबरून साखळी हाताला गुंडाळत आणि जोरात हिसका देत. वाऱ्याचा गळा आवळायचा, घशातून घरघर निघायची.

"फार तापट आहे हो!" शेषेराव लोकांना सांगत.

गावातल्या चंपी कुत्रीने एकदा लांबूनच विचारलं, "सारखा गुरगुरतोस का रे?"

"गुरगुरत नाही गं, साखळीने गळा आवळतो. एकदा सुटू दे मला, तुझ्याशेजारी येऊन बसेन."

दोन वर्षांनी साखळी खरंच तुटली. चंपी शेपूट हलवत पुढे आली. तिला पाहताच वाऱ्याचा मोकळा गळा सवयीने आवळला, आणि काही कळायच्या आत त्याने तिचा कान फाडला.

चंपी केकाटत पळाली. शेषेराव धापा टाकत आले. "बघितलंस? म्हणून धरून ठेवतो तुला."

वाऱ्याने साखळीसाठी मान पुढे केली. त्यालाही ते पटलं होतं.