वीजमाईच्या वशाची आणि घाटावरच्या भाऊबिजेची कहाणी

ऐक वीजमाई, तुझी कहाणी. बायांनो, हातातल्या अक्षता हातातच राहू द्या, मोबाइल तेवढे खाली ठेवा, आणि ऐका.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगराच्या उशाला घाट होता, घाटमाथ्यावर बोरवाडी नावाचं गाव होतं. नगरात एक सासू आणि एक सून राहत. सासूचं नाव गोदाक्का, सुनेचं नाव वैजयंती. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातला निम्मा काळ दर्यावर. म्हणजे घरात या दोघीच. भांडायलाही दोघी आणि समजूत घालायलाही दोघीच.

एक दिवस वैजयंतीनं विजेची गाडी घेतलीन्. तिला पेट्रोल नको, डिझेल नको, धूर नाही, घरघर नाही. गोदाक्का गाडीभोवती फिरून आली. म्हणाली, ही मुकी गं कशी? तरी हळदकुंकू वाहिलंन्, नारळ फोडलान्, चाकाखाली लिंबू ठेवलंन्.

मग काय झालं? गाडी आली, पण गाडी सांभाळायची अक्कल काही तिच्याबरोबर आली नाही. वैजयंती कधी तळ दिसेपर्यंत पळवी, कधी काठोकाठ भरून उन्हात उभी करून ठेवी. एकदा ऑफिसच्या वाटेवर अडली. एकदा भर बाजारात अडली. एकदा तर आपल्याच गल्लीच्या तोंडाशी अडली आणि शेजाऱ्यांनी ढकलत दारात आणली. लोक हसले, हिला रडू आलं.

तशीच उठली, तळ्याकाठी गेली. तिथे चार्जिंगचे खांब होते. खांबांना गाड्या जोडल्या होत्या आणि चिंचेखाली बाया बसल्या होत्या. कुणी मटार सोलत होती, कुणी वाती वळत होती, कुणी नुसतीच डुलक्या काढत होती. वैजयंतीनं विचारलं, बायांनो, बायांनो, इथे बसून काय करता? बाया म्हणाल्या, आम्ही वीजमाईचा वसा वसतो. तो वसा मला सांगा. तुला गं वसा कशाला? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील. ती म्हणाली, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.

तेव्हा त्या म्हणाल्या, ऐक तर. संध्याकाळी घरी यावं, आधी आपण घोटभर पाणी प्यावं, मग गाडीला वायर लावावी. रोज काठोकाठ भरू नये, थोडी उणी ठेवावी. लांबचा पल्ला असेल तेव्हाच पुरती भरावी. तळ कधी दिसू देऊ नये. चाकात हवा बघावी. चढावर दामटू नये, उतारावर पाय उचलावा, दिलेलं थोडं माई परत करते. निघण्याआधी किती भरली ते आपल्या डोळ्यांनी बघावं. आणि सगळ्यांत मोठा नेम हा की, खांबावर आपलं झालं की खांब सोडावा. मागे कोण उभं आहे, त्याला कुठे पोचायचं आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.

वैजयंतीनं वसा घेतला. वीजमाई प्रसन्न झाली. गाडी अडेना, रुसेना. गोदाक्काला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, कीर्तनाला नेलं, मैत्रिणीच्या नातवाच्या मुंजीला नेलं. गोदाक्का काचेतून बघून सगळ्यांना हात करायला शिकली.

पण बायांनो, सगळं नीट चाललं की माणसाला शिंगं फुटतात. धनत्रयोदशीला वैजयंतीनं खांबाला गाडी लावलीन् आणि साडीच्या दुकानात शिरली. गाडी भरली, तसं सांगायला फोन वाजला, हिनं तो बंद केलान्. ही हिरवी की ती जांभळी, यातच दुपार सरली. मागे लोक ताटकळले, चरफडले, निघून गेले. आली तेव्हा म्हणाली, खांब काय त्यांच्या बापाचा आहे? झालं. उतली, मातली, घेतला वसा टाकलान्.

मग आली भाऊबीज. गोदाक्काला एकच भाऊ, बोरवाडीचा अण्णा. पूर्वी तो बहिणीकडे जेवायला येई. आता त्याला घाट उतरवेना, म्हणून ती जाई. अण्णाचा नेम असा की, त्या दिवशी बहिणीनं ओवाळल्यावाचून अन्नाचा घास घ्यायचा नाही. आणि ओवाळायचं ते चंद्र दिसल्यावर. बिजेची कोर केवढीशी, सूर्यामागोमाग दिसते आणि बघता बघता मावळते. यंदा श्रावणापासून अण्णा आजारी होता. पुढच्या भाऊबिजेचा भरवसा कुणीच देत नव्हतं. म्हणून गोदाक्काला यंदा जायचंच होतं. चार दिवस आधीपासून तिनं अनारसे केले, निरांजन घासलंन्, अण्णासाठी शाल काढून ठेवलीन्.

आदल्या रात्री वैजयंतीनं गाडी पुरती भरायला लावलीन् आणि निजली. आता गोदाक्काची जन्माची सवय, निजण्याआधी घरभर फिरायचं आणि सगळी बटणं बंद करायची. हसू नका, तुमच्याही घरात हेच चालतं. त्या रात्री ती गाडीपाशी पणती ठेवायला गेली. भिंतीवर बटण लाल दिसलं. अगंबाई, हे चालूच राहिलं, म्हणाली, आणि बंद केलंन्. वर गाडीच्या पाठीवरून हात फिरवलान्, म्हणाली, झोप हो आता, उद्या माझ्या भावाकडे जायचंय.

सकाळी उठल्या, न्हाल्या, ल्यायल्या. वैजयंती गाडीत बसून बघते तो गाडी निम्मीसुद्धा नाही, भिंतीवरचं बटण बंद. घरी भरायची तर दिवस मोडतो, तळ्याकाठी सणाची ही रांग. ती तडक घरात आली आणि म्हणाली, "आई, कळत नाही त्याला हात कशाला लावता?"

गोदाक्का ओवाळणीचं तबक मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, "राहू दे गं. मी इथूनच चंद्राला ओवाळीन." बायांनो, जिचा भाऊ जवळ नाही ती चंद्राला ओवाळते. पण हिचा भाऊ घाटाच्या वर वाट बघत बसला होता. चुकलं म्हणायला वैजयंतीची जीभ काही वळेना. एवढंच म्हणाली, चला, घाटाच्या पायथ्याशी खांब आहे, तिथे भरू.

पायथ्याशी पोचल्या. बघतात तर खांबाला एक गाडी जोडलेली, काठोकाठ भरलेली, आणि मालकाचा पत्ता नाही. वैजयंती हॉटेलात गेली, नाही. रानमेवा विकणाऱ्या मावशीला विचारलंन्, नाही. अर्धी दुपार गेली. देवळात गेली, तर सभामंडपात एक गृहस्थ गार फरशीवर घोरत पडलेला. वैजयंतीनं पदर खोचला, शिव्या ओठावर आणल्या. आणि मग तिला आपली हिरवी की जांभळी आठवली. पदर सोडलान्. दादा, म्हणाली, तुमची गाडी भरली आहे. तो ओशाळला, उठला, धावत जाऊन गाडी काढलीन्.

हिनं आपली गाडी जोडली. परत येते तो गोदाक्का अण्णाशी फोनवर बोलत होती. जेवून घे म्हणत होती, तो ऐकत नव्हता. उशीर का झाला म्हणून त्यानं विचारलं असावं. गोदाक्का म्हणाली, माझंच आवरेना रे, सून बिचारी कधीची तयार होती.

वैजयंतीला ते ऐकवेना. ती जवळ जाऊन बसली, सासूचा हात हातात घेतलान् आणि म्हणाली, "आई, बटण तुम्ही बंद केलंत, पण तोंड मी सोडलं. माझं चुकलं."

गोदाक्का म्हणाली, अगं, माझ्यावर नाही रागावायचं तर काय रस्त्यावरच्या माणसावर रागावशील? आणि पिशवीतला अनारसा काढून तिच्या हातावर ठेवलान्. तो अण्णासाठी मोजून आणलेला होता. दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला, दोघी रडल्या, दोघींनी डोळे पुसले.

इतक्यात मागे आणखी एक गाडी येऊन उभी राहिली. तिच्यातून एक टक्कल पडलेला गृहस्थ उतरला, घड्याळ बघे, खांब बघे, बोले काही नाही. गोदाक्कानं त्याला हाक मारलीन्, कुठे जायचं विचारलंन्. तो म्हणाला, बहिणीकडे, पलीकडच्या घाटात. सकाळपासून काही खाल्लं नाही, तिच्याकडेच जेवायचं. गाडीचा तर तळ दिसतोय.

ऊन कलायला लागलं होतं. वैजयंतीनं मनात हिशेब केला. घाट कसाबसा चढेल इतपत गाडी भरली होती. आणखी थोडी थांबली तर जिवाला घोर राहणार नव्हता, पण मग हा मागचा काही बहिणीकडे उजेडी पोचत नव्हता. आणि वाटेत अडली तर गोदाक्काचा अण्णा उपाशी. तिनं सासूकडे बघितलं. गोदाक्का म्हणाली, "सोड गं खांब. एका भावाला उपाशी ठेवून मी दुसऱ्याला काय ओवाळू?"

वैजयंतीनं वायर काढली, त्या गृहस्थाला जागा दिलीन्, आणि वीजमाईचं नाव घेऊन घाटाला लागली. एसी बंद केलान्, काचा उघडल्यान्. सावकाश, अगदी सावकाश चढू लागली. मागून ट्रक भोंगे वाजवीत, ही बाजू देई, पण घाई करीना. पहिलं वळण गेलं, आकडा उतरला. दुसरं वळण गेलं, आकडा आणखी उतरला. तिसऱ्या वळणावर गाडीनं टुंग करून तांबडा दिवा दाखवला. तापलेल्या पोराच्या उशाशी बसावं तशी गोदाक्का त्या आकड्याकडे बघत बसली होती. मग तिला बघवेना. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, माई, मी अडाणी, माझ्या चुकीची शिक्षा त्याला नको.

माईला दया आली म्हणा, की सुनेनं गाडी जपून हाकली म्हणा, घाट सरला. माथ्यावरून बोरवाडीकडे उतार लागला. वैजयंतीनं पाय उचलला. आकडा थांबला, आणि मग एकानं वर चढला. वैजयंती हसली, म्हणाली, आई, डोळे उघडा, माई परत देतेय.

समोर डोंगराच्या अंगावर कोर टेकली होती. अंगणात खुर्ची टाकून, काठीवर हनुवटी ठेवून अण्णा त्या कोरीकडे बघत होता. नजर अधू झालेली, आणि गाडीला आवाज नाही, म्हणून दारात कोण आलं ते त्याला कळलंच नाही. गोदाक्का उतरली, गुडघे धरत धरत गेली आणि पाठीमागून त्याच्या खांद्यावर हात ठेवलान्. अण्णानं वळून बघितलं नाही, तो हात तेवढा घट्ट धरलान्. म्हणाला, "मला वाटलं, आता तू काही येत नाहीस."

मग पाट मांडला, रांगोळी घातली. आधी कोरीला ओवाळलं, मग अण्णाला ओवाळलं. कोर डोंगराआड गेली. अण्णा जेवला. किती दिवसांनी पोटभर जेवला म्हणून घरची माणसं नवल करू लागली. घरातून वायर ओढून सुनेनं गाडी जोडली. अण्णाचा मुलगा म्हणाला, वहिनी, सकाळपर्यंत वाटेल तेवढी घ्या.

मग गोदाक्कानं निरांजनात तूप घातलंन् आणि म्हणाली, वैजयंती, बस पाटावर. सगळे म्हणाले, भाऊबिजेला सुनेला कोण ओवाळतं? गोदाक्का म्हणाली, मी ओवाळते. वैजयंती बसली. सासूनं कुंकू लावलंन्, अक्षता लावल्यान्, ओवाळलंन्. वैजयंती गोंधळली, तबकात घालायला हातात काही नव्हतं. म्हणाली, आई, ओवाळणी काय घालू?

गोदाक्का म्हणाली, "पुढच्या भाऊबिजेला मला पुन्हा इथे आण."

अण्णा पलंगावरून हसला. म्हणाला, गोदे, पुढच्या भाऊबिजेला मी असायला नको का? गोदाक्कानं मान वर केली आणि धाकट्याला दटावावं तसं म्हणाली, "मी येणार म्हटलंय ना? मग तू कुठे जातोस?"

आणि अण्णा राहिला हो. पुढच्या भाऊबिजेलाही राहिला.

जशी गोदाक्काला आणि वैजयंतीला वीजमाई पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. वाट बघणाऱ्याच्या दारी आपलं माणूस वेळेत पोचो. ही कहाणी साठां उत्तरांची, पांचां उत्तरांत तुमच्या पदरात घातली. सुफळ होवो, संपूर्ण होवो.