बकुळीची खिडकी

मोर्वेखोल गावाच्या टेकाडावर एक जुनी बकुळ आहे. छत्रीसारखी गोल, नीट छाटलेली. पण खाडीच्या अंगाला तिच्यात खिडकीएवढं भोक आहे. मागे एका पडक्या घराचं नुसतं जोतं. पाहुण्यांना वाटतं, वीज पडली असेल. गावचे दाजी गुरव त्यांना आधी जोत्यावर बसवतात, मग गोष्ट सांगतात. फोटोची घाई असलेल्यांना ते काही सांगत नाहीत.

फार पूर्वी इथे भिवरा राहत असे. तिचा नवरा साबाजी तारवावर खलाशी होता. लांबच्या सफरीला निघताना त्याने दारात बकुळीचं रोप लावलं आणि म्हणाला, "रोज तिन्हीसांजेक दारात दिवो लाय. खाडीच्या तोंडारसून दिसलो की समजान, माझा माणूस घरात हा."

भिवराने एक सांज चुकवली नाही. रोप वाढलं, झाड झालं. तिला मूलबाळ नव्हतं. दिवसभरात बोलायचं ते झाडाशीच. फांद्या एकमेकींत घुसल्या, आत काळोख झाला, बांडगूळ धरलं. तेव्हाच्या गुरवाने तिला समजावलं, "भिवरे, आतली गर्दी काढ गो. वारो खेळलो की झाड जगता."

"तेच्या हातचा झाड हा," ती म्हणाली. "कोयतो लावूचो नाय."

अशी बारा वर्षं गेली म्हणतात. मधे पटकीची साथ आली, अर्धा गाव ओस पडला. भिवरा वाचली. पुढच्या हंगामात साबाजीच्या तारवावरचा एक परगावचा खलाशी पाण्यासाठी उतरला आणि भिवरासमोर सहज सांगून गेला, "गेल्या साली साबाजी हय इल्लो. खाडीच्या तोंडार रातभर नांगर टाकून उभो होतो. दिवो दिसाक नाय. पटकीत घर संपला म्हणालो आणि तारू फिरवल्यान."

साबाजी आला त्या सांजेलाही दिवा जळत होता. भिवरा उठून खाडीवर गेली आणि तिथून तिने आपलं घर पाहिलं. दिसली ती नुसती बकुळ.

ती रडली नाही, असं सांगतात. कोयता घेऊन झाडावर चढली. सुकलेलं काढलं, बांडगूळ खरवडलं, खाडीकडच्या फांद्या बुंध्यालगत साफ उतरवल्या आणि प्रत्येक घावावर शेणमाती लिंपली. गावाला वाटलं, झाड आता जगत नाही. पण म्हणे त्या साली बकुळ फुलली तशी कधीच फुलली नव्हती. साबाजी काही पुन्हा आला नाही. भिवरा मरेपर्यंत दरवर्षी ती खिडकी मोकळी करत राहिली.

आजही पाऊस सरला की गाव बकुळ छाटतं. पहिली फांदी उतरवायची ती घरात एकट्या राहणाऱ्या माणसाने. ते कोण, हे कुणाला विचारावं लागत नाही. मग जोत्यावर दिवा लावतात, एक होडी खाडीच्या तोंडाशी जाते आणि तिथून हाक येते, "दिवो दिसता गो!" ही हाक येईपर्यंत छाटणी थांबत नाही.

दाजींची बायको जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून पहिला कोयता त्यांच्या हातात असतो. हाक आली तरी ते जरा वेळ झाडावरच बसून राहतात. खालून कुणी घाई करत नाही.