वाकलेले महाराज

कांडेगडच्या भैरवराजांनी शिदू मोजणीदाराला दरबारात बोलावलं आणि फर्मान सुनावलं. राज्याच्या डेटा सेंटरची मोजणी करायची. आतली एक नळी, एक तार, एक खिळा सुटता कामा नये. मात्र आत कुणी पाऊल टाकायचं नाही! दसऱ्याच्या आत काम झालं नाही, किंवा आत जे नाही ते मोजणीत निघालं, तर शिदूची अर्धी मिशी उतरवून गाढवावरून धिंड. गाढव त्याच दुपारी आणून वेशीत बांधलंसुद्धा. असल्या कामांना राजेलोक उशीर करत नाहीत.

हट्टाला कारण होतं. अख्ख्या राज्याचे फोटो, निरोप आणि लग्नपत्रिका त्या एका दालनातल्या संगणकांत. मागे फरशी पुसायला गेलेल्या गड्याचा पाय तारेत अडकला आणि घरोघरचे फोन आंधळे झाले. राणीसाहेबांच्या भाचीचं लग्न पडद्यावरून लागत होतं, ते अंतरपाटापाशीच अडकलं. दोन्हीकडचे वऱ्हाडी हातात अक्षता धरून ताटकळले. तेव्हापासून दालनाची किल्ली राजांच्या करदोट्याला.

आता तिथलं गार हवेचं यंत्र धापा टाकू लागलं होतं. जुनं क्षणभरही न थांबवता नवं आत न्यायचं होतं. पण कुठल्या वाटेनं? धोंडोपंत प्रधानांकडे नकाशा होता, तो इमारत बांधली तेव्हाचा. त्यानंतर ज्याला जिथं सुचलं तिथं त्यानं नळी घातलेली.

शिदूजवळ लेझरचं यंत्र होतं. तिपाईवर ठेवायचं, कळ दाबायची. गरगर फिरत ते चहूकडे उजेडाची रेघ फेकतं आणि रेघ जिथं अडेल तिथं एक ठिपका टिपतं. अशा कोट्यवधी ठिपक्यांवरून पडद्यावर इमारतीचं हुबेहूब मॉडेल उभं राहतं. सगळं खरं, पण यंत्राला पाय कुठले? शिदूनं अन्न सोडलं.

त्याची लेक तानी म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवा. मिशीचं मी बघते."

ती तडक दरबारात गेली आणि हात जोडून विचारती झाली, "महाराज, आत कुणीच जायचं नाही ना?"

"कुणीच नाही."

"तुम्ही गेलात तर?"

राजे फिस्कारले. "मला कोण अडवणार? फर्मान माझं, किल्ली माझी."

"मग यंत्र तुम्हीच न्या."

धोंडोपंतांना ठसका लागला. पण भर दरबारात बोललेला शब्द राजा गिळणार कसा? झालं! दुसऱ्या दिवशी महाराज आत धूळ जाऊ नये म्हणून पायांत निळ्या पिशव्या चढवून, खांद्यावर तिपाई घेऊन दालनात शिरले. तानी उंबऱ्याबाहेरून शिकवत होती. ठेवा, कळ दाबा, आणि यंत्र फिरतं आहे तोवर कपाटाआड लपा; अजिबात डोकावू नका. राजे तिपाई हलवत होते, कळ दाबत होते आणि लपत होते. आयुष्यात कुणाचं ऐकायची सवय नाही, त्यामुळे डोकावतही होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दरबारात मॉडेल झळकलं. कपाटं, नळ्या, तारा, सगळं जागच्या जागी. आणि मधूनच महाराज! एक कपाटाआडून बघताहेत. एक नुसतीच पगडी आणि मिशी. एक थेट यंत्राकडे डोळे वटारून उभे. आणि एक दारापाशी कमरेत वाकलेले.

धोंडोपंतांना गुळाची ढेप सापडली. महाराज एक, इथं चार. म्हणजे आत नव्हतं ते मोजणीत निघालं. शिवाय आमचे महाराज आजवर कुणापुढे वाकले नाहीत, हा वाकलेला तर धडधडीत खोटा. आणा ते गाढव, असं त्यांनी फर्मावलंसुद्धा. शिदूनं दोन्ही हातांनी मिशी झाकली.

तानीनं माऊस उचलून पंतांपुढे धरला. "खोटे असतील तर पुसा की, पंत. आपल्या हातानं महाराजांना पुसून टाका."

पंतांचे हात पाठीमागे गेले.

"पण चार कसे?" राजांनी हळूच विचारलं.

"चारदा डोकावलात, महाराज. यंत्राला जे दिसलं ते त्यानं मांडलं."

"आणि तो वाकलेला?" पंत तरीही हटेनात.

"तो खोटा असेल, तर महाराजांनी पगडी काढून दाखवावी."

राजांचा हात पगडीकडे गेला आणि तिथंच थबकला. मग सावकाश पगडी उतरली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ!

तानी म्हणाली, "पंतांच्या नकाशात त्या दारापाशी नळी नाही. महाराज नकाशाच्या भरवशावर ताठ गेले आणि आपटले. पुढं यंत्र फिरत असताना त्याच दारातून डोकावले, ते वाकून. मॉडेलात नळीही आहे आणि वाकलेले महाराजही. आता सांगा, नव्या यंत्राला त्या दारातून वाकून जाता आलं असतं का? नळी फुटली असती, पाणी संगणकांवर आणि राज्य पुन्हा आंधळं." मग तिनं मॉडेलातच नवं यंत्र मागच्या दारानं सरकवत नेऊन दाखवलं. कुठं घासलं नाही, अडलं नाही.

राजांनी पंतांकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या स्वतःकडे पाहिलं, आणि असे हसले की टेंगूळ ठणकायला लागलं. शिदूची मिशी वाचली. तानीला म्हणाले, हवं ते माग.

"वेशीतलं गाढव द्या."

"गाढव? अगं, शेत माग, वाडा माग!"

"नळ्या बदलत राहणार, महाराज. दरवर्षी मोजणी लागणार, आणि यंत्र वाहायला कुणीतरी हवंच. गाढवाला एका जागी उभं केलं की ते उभं राहतं. डोकावत नाही."

मग सिंहासनावरून जे हसू फुटलं, ते वेशीतल्या गाढवानंही ऐकलं म्हणतात. त्यानं तिथूनच साथ दिली. राजांनी करदोट्याची किल्ली सोडून तानीच्या हातात ठेवली, गाढवाच्या पाठीवर भरजरी झूल घालायला लावली, आणि ते शिदूच्या दारापर्यंत हाकत न्यायचा मान दिला धोंडोपंतांना.